‘पार्ट बंद झालाय’ म्हणजे नेमकं काय बंद होतं?

थोडं मोठं लिहिलंय. आत्ता वेळ नसेल तर सेव्ह करून ठेवा, पण वाचा. आज नगरपालिका, ऊसदर, पाणीपट्टी यांना सुट्टी. आज इंजिनावर लिहितोय. विषय सुरू होतो इंग्लंडात, एका श्रीमंती मोटारीपासून, पण फिरून आपल्याच दारात येतो. तेवढा धीर धरा.

इंग्लंडमधल्या कोव्हेंट्री शहरात जॅग्वार कंपनीची एक स्पोर्ट्स कार तयार व्हायची. नाव ई-टाइप. मार्च 1961 मध्ये जिनिव्हाच्या मोटार प्रदर्शनात ती पहिल्यांदा लोकांसमोर आली. लांबलचक बॉनेट, मागे आखूड शेपूट. जुन्या गाड्यांचे फोटो बघणाऱ्या कुणालाही ती लांबून ओळखू येते. 1974 पर्यंत वेगवेगळ्या आवृत्त्या मिळून बहात्तर हजारांच्या आसपास गाड्या बनल्या. पहिल्या गाड्यांच्या बॉनेटखाली 3.8 लिटरचं, सहा सिलिंडरचं इंजिन होतं. ‘एक्सके’ नावाने ते ओळखलं जातं.

या इंजिनाची जन्मकथा मला फार आवडते. दुसरं महायुद्ध चालू होतं. नोव्हेंबर 1940 मध्ये जर्मन बॉम्बफेकीत कोव्हेंट्रीचा मोठा भाग बेचिराख झालेला. कारखान्यावर आगीचे बॉम्ब पडले तर लगेच विझवता यावेत म्हणून रात्री पहारा ठेवावा लागायचा. जॅग्वारचे मालक विल्यम लायन्स यांनी त्या पहाऱ्याला मुद्दाम आपले इंजिनिअर एकत्र बसवले. विल्यम हेन्स, वॉल्टर हसन, क्लॉड बेली. पहारा द्यायचा आणि युद्ध संपल्यावर बनवायच्या इंजिनाचा विचार करायचा. त्या जागरणातून हे इंजिन निघालं. 1948 च्या लंडनच्या प्रदर्शनात ते एक्सके 120 या गाडीत बसून लोकांपुढे आलं आणि थेट 1992 पर्यंत बनत राहिलं. एकाच घराण्याचं इंजिन चाळीस वर्षांच्या वर चाललं.

आता मुद्द्यावर येतो. लोखंड कितीही चांगलं असलं तरी साठ वर्षांनी थकतं. सिलिंडर ब्लॉक म्हणजे इंजिनाचं धड. पिस्टन त्याच्यातच वर-खाली होतात, क्रँक त्याच्याच पोटात फिरतो, थंड करणारं पाणी त्याच्याच भिंतींतून खेळतं. पिस्टनच्या घासण्याने सिलिंडर झिजला की बोअर करतात, म्हणजे आतून थोडा खरवडून मोठा करतात आणि मोठ्या मापाचा पिस्टन घालतात. हे एकदा होतं, दोनदा होतं. प्रत्येक वेळी भिंत पातळ होते. मग लायनर ठोकायचा. पाण्याच्या वाटा आतून गंजतात ते वेगळंच. थंड मुलखात पाणी गोठून ब्लॉक तडकतो ते आणखी वेगळं. एक दिवस मिस्त्री सांगतो, याच्यात आता काही राहिलं नाही.

तिथं जॅग्वारने काय केलं ते बघा. कोव्हेंट्रीजवळ रायटन इथे 2017 मध्ये कंपनीने जुन्या गाड्यांसाठी वेगळा कारखाना उघडला, क्लासिक वर्क्स. आणि पुढे काही वर्षांत तो 3.8 लिटरचा ब्लॉक नव्याने ओतून विकायला काढला. बिडाचाच, जुन्या मापाचा, कंपनीच्या नावाचा आणि वॉरंटी असलेला. ई-टाइप बंद होऊन चाळीस वर्षं उलटली होती, तरी तिच्या इंजिनाचं धड कंपनीच्या काउंटरवर मिळू लागलं.

ही बातमी वाचली तेव्हा ती घेऊन मी कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरात गेलो. तिथं माझं जाणं-येणं जुनं आहे. पत्रकारितेचा डिप्लोमा करून आलो तेव्हा माझी पहिली सही असलेली बातमी फाउंड्रीवाल्यांच्या वीजदरावर होती. तेव्हापासून तिथले एक बोरिंगचं काम करणारे मिस्त्री माझे दोस्त आहेत. वयाने मोठे, म्हणून मी ‘मामा’ म्हणतो. मोबाइलवर ब्लॉकचा फोटो दाखवला. मामांनी चष्मा वर केला, फोटो मोठा करून बराच वेळ बघितला.

“ओतकाम झकास आहे,” म्हणाले. “पन पत्रकार, ह्यात नवल ते काय? आमच्या हितं रोज असले ब्लॉक निघत्यात.”

खरंच आहे. कोल्हापूरच्या फाउंड्र्यांमधून मोटारींचे, ट्रॅक्टरचे ब्लॉक आणि हेड ओतून देशभर जातात. आपल्याकडच्या माणसाला लोखंड वितळवायला कुणी शिकवायला नको. मी म्हटलं, मामा, मग असा जुना ब्लॉक आपल्याकडे कुणी ओतून देईल का?

“ओततील की. पन नकाशा कुनाकडं हाय?”

सगळा विषय या एका प्रश्नात आहे. ब्लॉक बाहेरून ठोकळा दिसतो. आत पाण्याच्या वाटा, तेलाच्या वाटा, भिंतीची जाडी. क्रँक बसतो त्या जागा एका रेषेत यायला हव्यात, एक्सके इंजिनात अशा सात जागा आहेत. वाळूत साचा करताना आतल्या पोकळीसाठी वेगळे कोअर बसवावे लागतात. जुना ब्लॉक मोजून अंदाज बांधता येतो, पण मोजताय तो झिजलेला ब्लॉक. मूळ माप काय होतं आणि त्यात किती फरक चालत होता, ते नकाशातच असतं. आणि नकाशा कंपनीच्या कपाटात.

आता ‘ओरिजनल’ या शब्दाकडे वळू. आपल्याकडे हा शब्द दुकानदार तांदळाला लावतो, औषधाला लावतो, पिस्टनलाही लावतो. जुनी गाडी उभी करणाऱ्यांच्या जगात त्याचे किमान तीन अर्थ आहेत.

पहिला, त्या काळी बनलेला आणि कधीच न वापरलेला भाग. कुठल्यातरी जुन्या डीलरच्या माळ्यावर कंपनीच्या खोक्यात पडून राहिलेला. हौशी लोक यासाठी वेडे होतात. पण मामांना विचाराल तर ते हसतील. व्हॉल्व्ह, बेअरिंग, गिअर असा धातूचा भाग नीट तेल लावून ठेवलेला असेल तर सोनं. तीच गोष्ट रबरी सीलची असेल तर पन्नास वर्षं खोक्यात पडून ते वाळून जातं. खोकं ओरिजनल, आतला माल निकामी. एक्सके इंजिनात क्रँकच्या मागच्या टोकाला तेल अडवायला दोरीसारखं सील असायचं. कंपनीचंच होतं, पण त्यातून तेल पाझरतं ही तक्रार जुनीच. म्हणून बरेच लोक तिथं आता नव्या पद्धतीचं सील बसवतात. म्हणजे ओरिजनल प्रत्येक वेळी चांगलंच, असं धरून चालायचं नाही.

दुसरा अर्थ, कंपनीने आज नव्याने बनवलेला भाग. तो नवा ब्लॉक यातला.

तिसरा अर्थ गमतीचा आहे. त्या काळीसुद्धा जॅग्वारच्या खोक्यातलं सगळं काही जॅग्वार बनवत नव्हती. कार्ब्युरेटर एसयू कंपनीचे, विजेचं सामान लुकासचं. हे बाहेरचे पुरवठादार होते. एसयू कार्ब्युरेटर तर आजही इंग्लंडमध्ये सॉल्सबरी इथे बनतात. मग त्याच कार्ब्युरेटरवर जॅग्वारचं खोकं नसेल तर तो डुप्लिकेट झाला का? चाकण, भोसरी किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीत काम करणाऱ्या कुणालाही विचारा. एकाच मशीनवर निघालेला पार्ट कंपनीच्या खोक्यात गेला की एक भाव, साध्या खोक्यात गेला की दुसरा. खोटा माल बाजारात नाही असं म्हणत नाही, भरपूर आहे, आणि त्याने इंजिनं बसतात. पण खरं-खोटं ठरतं माल, माप आणि तपासणीवर. खोकं त्याचा पुरावा असतो, कधी खरा, कधी खोटा.

यात अजून एक भानगड आहे, नंबरची. ई-टाइपच्या ब्लॉकवर इंजिन नंबर कोरलेला असतो. 3.8 लिटरच्या गाडीत तो ‘आर’ने सुरू होतो, आणि शेवटी 8 किंवा 9 असा आकडा असतो. तो कॉम्प्रेशन रेशो. जॅग्वारच्या वारशाची जपणूक करणारी एक संस्था 1983 पासून आहे. तिच्याकडे कारखान्याच्या जुन्या नोंदवह्या आहेत. आपल्या गाडीचा चेसिस नंबर दिला की ती दाखला देते. गाडी कधी बनली, कोणत्या रंगाची होती, इंजिन कोणत्या नंबरचं होतं, कारखान्यातून कधी बाहेर पडली. आपल्याकडे सातबाऱ्याचा उतारा काढतात, तसंच म्हणा. वहीतला इंजिन नंबर आणि गाडीतला नंबर जुळला तर गाडीची किंमत वेगळीच होते.

म्हणजे ब्लॉक बदलला की गाडीची ओळखच गेली? यावर कंपनीने तोडगा काढला. नव्या ब्लॉकला स्वतःचा वेगळा नंबर मिळतो. पण मालकाने जुना ब्लॉक आणून दिला तर तोच जुना नंबर नव्यावर कोरून मिळतो, आणि जुन्या ब्लॉकवरचा नंबर फुल्या मारून रद्द होतो. नंबर एकाच ठिकाणी जिवंत राहिला पाहिजे.

हे नंबर प्रकरण किती गंभीरपणे घेतात त्याचं एक उदाहरण. 1963 मध्ये शर्यतीसाठी हलक्या ई-टाइप बनवायच्या ठरल्या. वहीत 18 नंबर राखून ठेवले, बनल्या 12. उरलेले 6 नंबर पन्नास वर्षं वहीत रिकामे पडून होते. 2014 मध्ये कंपनीने ठरवलं की ते सहा नंबर भरायचे. त्या सहा गाड्या नव्याने बनवल्या. वहीत नोंद होती, म्हणून हे घडलं.

आपल्याकडे काय आहे? जुलै 2021 मध्ये केंद्राने जुन्या गाड्यांसाठी नियम केला. पन्नास वर्षांपेक्षा जुनी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते, नंबर प्लेटवर ‘व्हीए’ येतं, नव्या नोंदणीची फी 20 हजार, पुन्हा नोंदणीची 5 हजार. अशी गाडी रोज कामाला काढायची नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यासाठीच रस्त्यावर. चांगला नियम आहे. पण अट अशी की गाडी मूळ रूपात हवी. चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरबदल नको. आता सांगा, कंपनीनेच नव्याने ओतलेला, जुनाच नंबर कोरलेला ब्लॉक हे मूळ रूप की फेरबदल? आरटीओत पेन्सिलने चेसिस नंबरचा छाप घेणाऱ्या माणसाने हे कशावरून ठरवायचं? कोव्हेंट्रीची वही त्याच्या टेबलावर नाही. आपल्या देशात बनलेल्या जुन्या गाड्यांच्या कारखान्याच्या नोंदी जपून ठेवून असा दाखला देण्याची सक्ती तर कुणावरच नाही.

इथं काही जण म्हणतील, कोट्यधीशांच्या खेळण्याची एवढी चर्चा कशाला? दसऱ्याला दसरा चौकात छत्रपतींची मेबॅक आली की आपण सगळे कौतुकाने बघतो, मोबाइल वर धरतो, विषय तिथं संपतो. मग हा विषय तुम्हाला सांगायचं कारण काय?

एक कारण असं की जॅग्वार आज परकी राहिलेली नाही. 2008 मध्ये टाटा मोटर्सने फोर्डकडून जॅग्वार आणि लँड रोव्हर 2.3 अब्ज डॉलरला घेतली. रायटनचा कारखाना, तो नवा ब्लॉक, ते सहा रिकामे नंबर भरणं, हे सगळं मालकी मुंबईच्या बॉम्बे हाउसकडे आल्यानंतरचं आहे. म्हणजे साठ वर्षांपूर्वीच्या इंजिनाचं धड आजही मिळालं पाहिजे, हे मराठी मुलखात मुख्यालय असलेल्या उद्योगाच्या छत्राखाली शक्य झालं. मला याचा अभिमान वाटतो. खरंच वाटतो.

आणि त्याच वेळी दुसरी नोंदही ठेवायला पाहिजे. ऑगस्ट 2014 मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने 14 मोटार कंपन्यांना मिळून सुमारे 2,544 कोटींचा दंड सुनावला. ठपका काय? सुटे भाग आणि गाडी तपासायची साधनं बाहेरच्या गॅरेजवाल्यांना खुलेपणाने मिळू दिली नाहीत. म्हणजे गाडी तुमची, पण दुरुस्ती आमच्याच दारात. त्या यादीत सर्वांत मोठा आकडा टाटा मोटर्सच्या नावापुढे होता, 1,346 कोटींचा. कंपन्यांनी आदेशाला आव्हान दिलं, प्रकरण कोर्टकचेरीत गेलं. मी इथं निकाल द्यायला बसलेलो नाही. एकाच 2014 सालातल्या दोन बातम्या शेजारी शेजारी ठेवतोय, एवढंच. एकीकडे सहा जुने नंबर भरून काढायचे कष्ट. दुसरीकडे कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला पार्ट मिळत नाही म्हणून झालेली सुनावणी.

आता घरचं सांगतो. माझ्या थोरल्या भावाकडे ट्रॅक्टर आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण हे कुठल्याही कंपनीच्या बाबतीत होऊ शकलं असतं. चौदा वर्षांचा ट्रॅक्टर, पण दादाने पोटच्या पोरासारखा सांभाळलेला. ऐन गळिताच्या हंगामात इंजिनाच्या पुढच्या बाजूचं ओतीव कव्हर तडकलं. तळहातापेक्षा थोडा मोठा भाग. शोरूमला गेलो. काउंटरवरच्या पोराने नंबर टाकला, स्क्रीन बघितला आणि म्हणाला, “पार्ट बंद झालाय, काका.” मग जिल्ह्याच्या गावी, मग सांगली, मग पुण्याला फोन. सगळीकडे तेच वाक्य. शेवटी मामांनी भंगारातल्या एका ट्रॅक्टरचं कव्हर शोधून, घासून, दोन भोकं नव्याने पाडून बसवून दिलं. अकरा दिवस गेले. ऊस तोडून फडात पडला होता, दुसऱ्याचा ट्रॅक्टर भाड्याने लावावा लागला. तो तोटा कुणाच्याच वहीत नाही.

त्या अकरा दिवसांत मला कळलं की ‘पार्ट बंद झालाय’ या वाक्यात लोखंड संपलेलं नसतं. भट्टी चालू असते, मिस्त्री जिवंत असतो, गिऱ्हाईक पैसे हातात घेऊन उभं असतं. बंद झालेला असतो तो नकाशाचा दरवाजा. ई-टाइपसाठी तो उघडला, कारण त्या गाडीच्या मालकाकडे पैसा आहे आणि कंपनीला त्या नावाची शान हवी आहे. दादाच्या ट्रॅक्टरला शान नाही. त्याच्यावर फक्त एका घराची चूल आहे.

कंपन्यांची बाजूही मांडतो. प्रत्येक जुन्या मॉडेलचा प्रत्येक भाग कायम गोदामात ठेवणं परवडणारं नाही, हे मान्य. साचे जागा खातात, पुरवठादार बंद पडतात, थोडेच नग ओतायचे तर भाव वाढतो. तो नवा जॅग्वारचा ब्लॉकही स्वस्त नाही, आणि स्वस्त असावा अशी कुणाची अपेक्षाही नाही. पण गोदाम ठेवणं आणि नकाशा ठेवणं यात फरक आहे. तुम्हाला बनवायचं नसेल तर नका बनवू. दुसऱ्याला बनवता येईल एवढी माहिती मोकळी करा. वाजवी पैसे घ्या, परवाना द्या, तपासणीची अट घाला. गोकुळ शिरगावला आणि कागलला ते काम करणारे हात आहेत.

सरकारकडे याचं नाव आहे, ‘राइट टू रिपेअर’, दुरुस्तीचा हक्क. जुलै 2022 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने त्यावर समिती नेमली. डिसेंबर 2022 मध्ये पोर्टल सुरू झालं. चार क्षेत्रं त्यात धरली आहेत: शेतीची अवजारं, मोबाइल-टॅब्लेट, घरगुती उपकरणं आणि वाहनं. पोर्टल चांगलं आहे, पण पोर्टल म्हणजे कायदा नाही. फ्रान्समध्ये 2021 मध्ये मोबाइल, लॅपटॉप, वॉशिंग मशीन अशा वस्तूंवर ती किती दुरुस्त होऊ शकते याचे गुण छापणं सक्तीचं झालं. दहापैकी किती, ते दुकानातच दिसू लागलं. सुटे भाग मिळतात का, किती वर्षं मिळतील, हेही त्यात मोजलं गेलं.

माझी मागणी साधी आहे. ट्रॅक्टर असो, मोटरसायकल असो, पाण्याची मोटर असो. विकताना बिलावर लिहून द्या की सुटे भाग किमान किती वर्षं मिळतील. ती मुदत संपली आणि कंपनीला पुढे भाग बनवायचा नसेल, तर नकाशा आणि माप परवाना घेणाऱ्या कारखानदाराला मिळालं पाहिजे. आणि कारखान्याच्या नोंदी जपल्या गेल्या पाहिजेत, म्हणजे अजून तीस वर्षांनी आपल्या पोरांना आज्याचा ट्रॅक्टर उभा करायचा झाला तर वही सापडेल. खासदार-आमदार ही पोस्ट वाचत असतील (वाचता, मला माहीत आहे), तर पुढच्या अधिवेशनात एक प्रश्न विचारा: शेतीच्या अवजारांसाठी दुरुस्तीचा हक्क कायद्यात कधी येणार?

आणि तुम्ही, माझे वाचक. येत्या दसऱ्या-पाडव्याला नवीन काही घ्यायला शोरूममध्ये गेलात की ॲव्हरेज विचाराल, हप्ता विचाराल, एक्स्चेंजला किती देता तेही विचाराल. सोबत एवढं विचारा: “याचे पार्ट किती वर्षं मिळणार? लिहून द्याल का?” समोरचा गडबडेल. गडबडू दे. दहा जणांनी विचारलं तर मॅनेजर वर कळवेल, शंभर जणांनी विचारलं तर कंपनीला उत्तर छापावं लागेल.

तुमच्या घरात ‘पार्ट बंद झालाय’ म्हणून उभी असलेली एखादी वस्तू असेल तर मला लिहा. वस्तू कोणती, किती साली घेतली, कोणता भाग मिळेना आणि किती दिवस काम अडलं. तालुक्याची यादी मी करतो. कागद हातात असला की बोलायला जोर येतो.